एमबीए म्हणा, एमएमएस म्हणा, पीजीडीएम म्हणा

एमबीएच्या सीईटीचा, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, निकाल लागून कॅप राउंडच्या (सरकारी प्रवेश फेऱ्यांच्या) तारखा आल्या, की पीजीडीएम, म्हणजे व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदविका, घ्यायला निघालेल्या पोराला घरात कुणीतरी विचारतंच, "पीजीडीएम म्हणजे डिप्लोमाच ना?" विचारणारे बहुधा काका असतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर दहावीनंतरचं पॉलिटेक्निक असतं. एवढे लाख मोजून हातात डिप्लोमा, हा हिशेब त्यांना पटत नाही. पोरगं सांगतं, "अहो, अहमदाबादची आयआयएमसुद्धा परवा-परवापर्यंत डिप्लोमाच देत होती." काका गप्प बसतात, पण पटलेलं नसतं. त्यांचं न पटणं अगदीच चूक नाही, कारण या शब्दावरून जी भांडणं झाली ती शिक्षणाच्या दर्जावरून कमी आणि प्रवेश कोणी द्यायचे यावरून जास्त झाली.

मूळ गोष्ट कायद्यातली आहे. १९५६च्या विद्यापीठ अनुदानाच्या कायद्याने 'पदवी' हा शब्द विद्यापीठांसाठी आणि कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थांसाठी राखून ठेवला. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबादला आयआयएम उभ्या राहिल्या त्या सोसायटी म्हणून नोंदवून. विद्यापीठ नाही, म्हणून पदवी नाही, म्हणून पदव्युत्तर पदविका. संशोधन करणाऱ्यालाही तिथे पीएचडी न म्हणता 'फेलो' म्हणायचे. यात कुणाला कमीपणा वाटला नाही. अभ्यास मंडळ, विद्वत सभा, परीक्षा विभाग या वाटेने न जाता दरवर्षी अभ्यासक्रम बदलता येणं हा उलट फायदाच होता. नोकरी देणाऱ्यांनी तर कागदावरचं नाव कधी वाचलंच नसावं.

आपल्याकडे नेमकं उलटं घडलं. १९६५ साली मुंबई विद्यापीठाने स्वतःच्याच छत्राखाली जमनालाल बजाज संस्था काढली, त्यामुळे तिथे पदवी मिळाली. पण तिचं नाव एमएमएस, मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज. पुणे विद्यापीठात तीच पदवी एमबीए. शिवाय पुण्यात संध्याकाळचं डीबीएम, म्हणजे व्यवस्थापनाचा डिप्लोमा, होतं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतले सुपरवायझर शिफ्ट संपवून त्या वर्गाला यायचे. म्हणजे घाटाच्या वर एक नाव, खाली दुसरं. मोबाइलवरच्या अश्लील क्लिपांमुळे 'एमएमएस' हे नाव बदनाम झाल्यावर मुंबईच्या पोरांना बायोडेटात ते लिहिताना संकोच वाटायचा, हे आज कुणाला आठवत नाही.

१९८७च्या कायद्याने तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामकाला दात आले आणि नव्वदच्या दशकात विद्यापीठाशी संलग्न न होता थेट नियामकाची मान्यता घेऊन पीजीडीएम चालवणाऱ्या संस्था उगवल्या. काही उत्तम, काही मंगल कार्यालयासारख्या. मुंबईत एकाच इमारतीत एका मजल्यावर एमएमएस आणि दुसऱ्यावर पीजीडीएम असंही दिसू लागलं. शिकवणारे पुष्कळदा तेच, कँटीन तेच. फरक होता तो दारात. एमएमएसच्या दारात सरकारी यादी घेऊन उभं राहायचं, पीजीडीएमच्या दारात संस्थेची स्वतःची मुलाखत.

त्या दुसऱ्या दारालाच २०१०च्या डिसेंबरअखेर कुलूप घालायचा प्रयत्न झाला. नियामकाने अधिसूचना काढली: पीजीडीएम किमान २४ महिन्यांचं हवं, प्रवेश राज्य सरकारांच्या मार्फत व्हावेत, संस्थांनी आपापल्या परीक्षा घेऊ नयेत, आदर्श अभ्यासक्रम नियामक देईल. कारण दिलं गेलं ते भरमसाट फी आणि मनमानी प्रवेशांचं. ते कारण खोटं नव्हतं. डोनेशनला 'डेव्हलपमेंट' म्हणणाऱ्या संस्था आम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पण औषध असं होतं, की चांगल्या संस्थेची चाळणी आणि वाईट संस्थेची लूट दोन्ही एकाच झटक्यात गेली असती. आणि ज्या आयआयएमकडे बघून या सगळ्यांनी पीजीडीएम हे नाव घेतलं, त्या या अधिसूचनेच्या बाहेर!

संस्था कोर्टात गेल्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयातून अंतरिम दिलासा मिळाला आणि त्या वर्षीचे प्रवेश जुन्याच पद्धतीने झाले. संस्थांचे वकील 'स्वायत्तता' म्हणत होते आणि नियामक 'विद्यार्थिहित'. वर्तमानपत्रांत दोन्ही शब्द पानभर होते. ज्यांच्या हिताची ही चर्चा होती ती मुलं मात्र कॅट या आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचा निकाल हातात घेऊन, फॉर्म भरायचा की नाही, भरला तर त्या प्रवेशाला मान्यता राहील का, असं क्लासच्या सरांना विचारत फिरत होती. सरांनाही कुठे माहीत होतं?

अधिसूचना अडकली म्हणून हेतू अडकला नाही. २०१२च्या फेब्रुवारीत नियामकाची स्वतःची देशव्यापी परीक्षा आली, सीमॅट. महाराष्ट्राने पुढच्या वर्षी आपली सीईटी बाजूला ठेवून तीच स्वीकारली. हा बदल कागदावर छोटा आणि वर्गात मोठा होता. सीईटी म्हणजे १५० मिनिटांत २०० प्रश्न, एका प्रश्नाला ४५ सेकंद, चुकीच्या उत्तराला दंड नाही. शेवटची दोन मिनिटं राहिली की न वाचलेल्या सगळ्या प्रश्नांना 'क' मारायचं हा तिथला शहाणपणा. सीमॅटमध्ये १०० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबरला चार गुण आणि चुकीला एक वजा. ज्या मुलांनी वर्षभर बोटांना वेग शिकवला, त्यांना आता हात आवरायला शिकायचं होतं. वर सामान्य ज्ञानाचा विभाग. सीईटीच्या जाड पुस्तकांवर रद्दीवालेही खूश नव्हते. मग २०१५ साली सीईटी परत आली आणि दोन वर्षं माळ्यावर पडलेली तीच पुस्तकं पुन्हा खाली आली.

याच धांदलीत, २०१३च्या एप्रिलमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एमबीए हे तंत्रशिक्षणात मोडत नाही असं म्हटलं आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांवर नियामकाची सक्ती चालणार नाही, असाही निकाल दिला. आपल्या राज्यात एमबीएचे प्रवेश तेव्हा तंत्रशिक्षण संचालनालयच करत होतं आणि करत राहिलं. यावर कुणी हसल्याचं आठवत नाही.

मग २०१७चा आयआयएमचा कायदा. ३१ जानेवारी २०१८ला तो लागू झाला आणि २० आयआयएमना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. त्या वर्षीच्या दीक्षान्त समारंभात पदविकेऐवजी एमबीए हातात पडलं. आपल्या पवईची औद्योगिक अभियांत्रिकीची जुनी संस्था २०२३ साली दुरुस्ती होऊन आयआयएम मुंबई झाली. नोकरदारांसाठीच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला एमबीए म्हणावं का, यावर सरकार आणि आयआयएम यांच्यात नंतर वाद झाला तोही याच शब्दाचा.

सगळ्यांनी या कायद्याचं स्वागत केलं, पण त्याचा फटका कुणाला बसला हे कमी बोललं गेलं. खासगी पीजीडीएम संस्थांच्या माहितीपुस्तकातलं सगळ्यात भारी वाक्य त्या दिवशी गेलं. "आयआयएमसुद्धा हेच देतात" असं आता म्हणता येत नव्हतं. तोवर जी ढाल होती ती नुसती पाटी उरली. पीएचडीला किंवा सरकारी नोकरीला जाणाऱ्या पीजीडीएमवाल्याला आधीही पदविका पदवीच्या बरोबरीची असल्याचं, समकक्षतेचं पत्र शोधावं लागायचं. आता ऑनलाइन अर्जाच्या ड्रॉपडाउनमध्ये 'पदव्युत्तर पदवी' आणि 'पदव्युत्तर पदविका' यांतलं काय निवडू, हा फोन दरवर्षी येतोच. लग्नाच्या बायोडेटात अर्थात सगळेच एमबीए.

पैशांच्या बाजूने पाहिलं तर शब्द आणखी महाग पडतो. शाहू महाराज शिष्यवृत्तीसाठी प्रवेश कॅपमधून झालेला लागतो. सोलापूरची मुलगी नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन सुविधा केंद्राच्या रांगेत उभी असते, पहिल्या राउंडला मिळालेली जागा 'फ्रीझ' म्हणजे पक्की करायची, की चांगल्या जागेसाठी 'बेटरमेंट'ला जायचं यावर रात्रभर घरी चर्चा होते. त्याच वेळी एखाद्या पीजीडीएमचा मेल येतो, की तीन दिवसांत पहिला हप्ता भरा नाहीतर जागा गेली. दोन वेळापत्रकं एकमेकांकडे बघतही नाहीत. मुलाखतीची तयारी करून घेणारे शंभर आहेत, या तीन दिवसांचं काय करायचं हे सांगणारं कुणी नसतं.

ताजं प्रकरण पदवीच्या पातळीवर आलं. मुंबई विद्यापीठाचं बीएमएस, म्हणजे बारावीनंतरची व्यवस्थापनाची पदवी, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलं आणि बहुतेक ठिकाणी ते बारावीच्या गुणांवर मिळत होतं. २०२४-२५पासून केंद्रीय नियामकाने बीबीए, बीएमएस, बीसीए आपल्या कक्षेत घेतले आणि राज्याने त्यांना सीईटी लावली. २९ मे २०२४ला परीक्षा झाली. जागांच्या मानाने परीक्षा देणारे फार कमी निघाले, म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यावी लागली, तरी जागा रिकाम्या राहिल्याच. काही महाविद्यालयांनी मात्र परीक्षेची वाट न पाहता अभ्यासक्रमाचंच नाव बदललं: बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज). बीकॉमला सीईटी नाही.

त्या जूनमध्ये उपनगरातल्या एका कॉलेजच्या खिडकीशी एक बाई माहितीपत्रक उलटंपालटं करत उभ्या होत्या. मुलीला बीएमएस हवं होतं आणि यादीत ते कुठेच नव्हतं. आतल्या कारकुनाने पेनाने एका ओळीवर टिचकी मारली. "हेच ते, ताई. शिकवणारे तेच, पुस्तकं तीच. फॉर्मवर फक्त बीएमएस लिहू नका."