रंगावर जाऊ नका
(रविवारच्या टेकडी-फेरीला येणाऱ्यांसाठी आणि आमच्याकडून दुर्बीण भाड्याने नेणाऱ्यांसाठी)

वेताळ टेकडीवर काही दिसलं की पहिल्यांदा येणारे बहुतेकजण रंग सांगतात. "केशरी होतं, काळी किनार होती." पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या वर्णनात बसणारी दोन फुलपाखरं पुण्यात दिसतात. एक प्लेन टायगर. त्याची अळी रुईच्या पानांवर वाढते, रुईच्या चिकातली विषारी द्रव्यं तिच्या अंगात मुरतात, म्हणून पक्षी सहसा या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. दुसरी डॅनेड एगफ्लायची मादी. ती बिनविषारी, पण वेश हुबेहूब प्लेन टायगरचा. (तिचा नर मात्र काळाकुट्ट, पंखांवर टपोरे पांढरे ठिपके आणि त्यांना जांभळी झाक. जोडीने पाहिलं तर ही दोघं एकाच जातीची आहेत हे पटत नाही.)

दोन्ही ओळखायची ती मागच्या पंखावरून. प्लेन टायगरला पंखाच्या मधोमध काळे ठिपके असतात, नराला 4, मादीला 3. सोंग घेणारीला मध्ये काही नसतं, फक्त वरच्या कडेला एक डाग.

म्हणून आमचा आग्रह असतो: आधी कुठे बसलंय, कसं बसलंय, कसं उडतंय ते पाहा. रंग शेवटी.

चतुरांच्या बाबतीत तर रंग म्हणजे वय. गवतात, जमिनीलगत बसणारा ग्राउंड स्किमरचा नर कोवळा असताना पिवळसर हिरवा असतो आणि पिकत गेला की निळा होतो. खाणीच्या पाण्याजवळ गेलात तर चतुर आणि टाचणी (चतुराचाच बारीक अंगाचा भाऊबंद) यांतला फरक आधी पक्का करा. बसल्यावर पंख आडवे पसरलेले असतील तर चतुर, पाठीवर मिटलेले असतील तर टाचणी. काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात, तेव्हा डोळे पाहा: टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना असतात, बहुतेक चतुरांचे वर एकमेकांना भिडलेले. दोघांनाही नांगी नसते, मुलांना घाबरू देऊ नका. शेपटीला दोरा बांधायचा खेळ मात्र आमच्या फेरीत चालणार नाही.

पक्ष्यांचं माप चिमणी, मैना आणि कावळा यांच्या तुलनेत सांगा, अर्धं काम तिथेच होतं. उरलेल्या अर्ध्यात पावशा (कोकिळेच्या कुळातला) आणि शिकरा (छोटा शिकारी पक्षी) घोळ घालतात. दोघंही साधारण कबुतराएवढे, वरून राखाडी, पोटावर आडवे पट्टे, उडण्याची लकबही तीच. चोच पाहा. शिकऱ्याची आकडेदार, पावशाची साधी. पक्ष्यांतही रंग बदलतो: जांभळा शिंजीर (फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी) घ्या, त्याचा नर विणीच्या हंगामात चमकदार जांभळा-काळा आणि एरवी मातकट, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टी.

दुर्बिणीबद्दल. 8 बाय 42 म्हणजे वस्तू 8 पट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर. पुष्कळजण 10 पटीची मागतात, पण हात जरा हलला की चित्रही जास्त हलतं. नवख्यांना आम्ही 8 पटीचीच देतो. फुलपाखरं पाहायची असतील तर तसं आधी सांगा: काही दुर्बिणी 4-5 मीटरच्या अलीकडचं स्पष्ट दाखवत नाहीत, 2 मीटरवरचं दाखवणाऱ्या आम्ही वेगळ्या ठेवल्या आहेत. पट्टा गळ्यात हवाच, आणि दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नका.

मोबाइलवर फोटो काढताना फुलपाखराचे पंख उघडे आणि मिटलेले असे दोन्ही घ्या, चतुराचा वरून एक आणि बाजूने एक. ओळख पुष्कळदा न काढलेल्या बाजूवर अडते.

फेरी साडेसहाला सुरू होते ती पक्ष्यांसाठी. फुलपाखरांना ऊन लागतं, ती साडेआठनंतर हलू लागतात, तेव्हा लवकर निघायची घाई असेल त्यांनी फुलपाखरांची अपेक्षा ठेवू नये. पाऊस लागला तर फेरी पुढच्या रविवारी. तेव्हा जमणार नसेल तर पैसे परत मिळतील.