पॉइंट टू-टू म्हणजे मोठी छर्‍याची बंदूक नव्हे

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात एक समज वर्षानुवर्षे ऐकू येतो: पॉइंट टू-टू बोल्ट-अॅक्शन रायफल (सुमारे 0.22 इंच व्यासाच्या नळीची, दर गोळीला हाताने खिट्टी मागेपुढे करून भरायची) ही छर्‍याच्या बंदुकीची थोरली बहीण, तिला परवाना लागत नाही आणि तिची गोळी पन्नास मीटरपुढे निकामी होते. यातले एकही विधान खरे नाही.

पन्नास मीटर हे ऑलिंपिकमधील लक्ष्याचे अंतर आहे, गोळीच्या पल्ल्याची मर्यादा नव्हे. नाशिकमध्ये शिकलेल्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच अंतरावर. जेमतेम अडीच ग्रॅमची ही शिशाची गोळी नळी थोडी उंचावून झाडली तर दीड किलोमीटरहूनही पुढे जाऊ शकते आणि पाण्यावर किंवा खडकावर तिरकी आदळली तर उसळून भलतीकडेच वळते. म्हणून मागे मातीचा भक्कम बांध नसलेल्या बागेत ती चालवणे धोक्याचेच आहे. (पाखरे उडवायला तर ती मुळीच नव्हे.)

छर्‍याच्या बंदुकीत दाबलेली हवा असते, पॉइंट टू-टूच्या काडतुसात बंदुकीची दारू. त्यामुळे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार ती अग्निशस्त्र ठरते आणि विकत घेण्यापूर्वीच परवाना लागतो.

पहिली रायफल निवडताना माझ्या मते दुर्बिणीपेक्षा दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) महत्त्वाचा: रायफल खांद्याला लावल्यावर मान न ताणता डोळा माशीच्या (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेच्या) रेषेत आला पाहिजे. हे दुकानात कळत नाही, त्यामुळे आधी काही महिने क्लबच्या रायफलीवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली सराव करावा.