गन शोमधली खाजगी विक्री: हा वाद आला कुठून?

अमेरिकेत बंदुकांचा विषय निघाला की "गन शो लूपहोल", म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीतली कायद्याची पळवाट, हमखास ऐकू येतं आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा समज असा होतो की तिथे गन शोमध्ये कायदाच लागू होत नाही. तसं नाहीये. तिथला केंद्रीय कायदा विक्री कुठे झाली ते बघत नाही, विकणारा कोण आहे ते बघतो. लायसन्सवाला डीलर असेल तर दुकान असो की गन शोचं टेबल, त्याला गिऱ्हाइकाकडून ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म भरून घ्यावाच लागतो आणि त्याचा बॅकग्राउंड चेक, म्हणजे त्याला बंदूक बाळगायला बंदी तर नाही ना याची तपासणी, करावाच लागतो. पण शेजारच्या टेबलावर कुणी घरातली जुनी रायफल विकायला बसला असेल आणि बंदुका विकणं हा त्याचा धंदा नसेल, तर केंद्रीय कायद्याने त्याला यातलं काहीच करावं लागत नाही. गिऱ्हाईक त्याच राज्यातलं हवं आणि त्याला बंदूक बाळगायला बंदी आहे असं माहीत असेल किंवा तसा संशय यायला कारण असेल तर विकायची नाही, बस. राज्याचा कायदा वेगळा असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे शस्त्र कायद्याखाली लायसन्स असलेल्या माणसालासुद्धा स्वतःची बंदूक दुसऱ्याला विकायची तर आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, त्यामुळे रोख पैसे दिले आणि बंदूक घेऊन निघालो हे आपल्याला पचत नाही.

हे शो भरतात बहुतेक काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, जत्रेच्या मैदानावर, म्हणजे फेअरग्राउंडवर. मोठ्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगा, त्यावर बंदुका, काडतुसं, चाकू, जुने लष्करी बिल्ले, सुकवलेल्या मांसाची पाकिटं. तुम्ही स्वतःची बंदूक आणली असेल तर ती रिकामी आहे ना ते बऱ्याच ठिकाणी दारावरच बघतात आणि प्लास्टिकची पट्टी आवळून बांधतात. आत काही जण टेबलबिबल काही न घेता खांद्यावर रायफल टाकून फिरत असतात, नळीत एक बारीक काठी खोचलेली आणि काठीला किमतीची चिठ्ठी. वाद आहे तो या माणसांचा.

मूळ बघायचं तर १९६८ पर्यंत मागे जावं लागतं. अध्यक्ष केनेडींवर ज्या रायफलने गोळ्या झाडल्या ती मारेकरी ओस्वाल्डने खोट्या नावाने पोस्टाने मागवली होती, पुढे १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि त्याच वर्षी गन कंट्रोल अ‍ॅक्ट आला. धंदा करणाऱ्याला लायसन्स सक्तीचं झालं, पण धंदा कशाला म्हणायचं हे कायद्यात नीट सांगितलंच नाही. मग एटीएफ म्हणजे बंदुकांवर लक्ष ठेवणारं केंद्रीय खातं, ते दोनचार बंदुका विकणाऱ्या हौशी लोकांवरही खटले भरतंय अशी ओरड सुरू झाली, सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या, आणि त्यातून १९८६ चा कायदा आला. त्याने डीलरला स्वतःच्या राज्यातल्या गन शोमध्ये विकायची मुभा पक्की केली, आणि अधूनमधून किंवा छंद म्हणून स्वतःच्या संग्रहातली बंदूक विकणाऱ्याला धंद्याच्या व्याख्येतून बाहेर काढलं. माझ्या मते वादाची गाठ इथेच बसली, कारण पुढे १९९३ मध्ये ब्रेडी कायद्याने बॅकग्राउंड चेक आणला तो फक्त लायसन्सवाल्यांसाठी. १९९८ मध्ये झटपट तपासणीची कॉम्प्युटर यंत्रणा सुरू झाली आणि एकाच हॉलमधल्या दोन टेबलांमधला फरक एकदम डोळ्यात भरायला लागला.

जानेवारी १९९९ मध्ये सरकारी अहवाल आला, की वर्षाला ४,००० वर गन शो भरतात आणि तिथले २५ ते ५० टक्के विक्रेते बिनलायसन्सचे असतात. तीनच महिन्यांनी, २० एप्रिलला, कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत दोन मुलांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला मारलं. त्यांच्या चार बंदुकांपैकी तीन डेन्व्हरजवळच्या गन शोमधून, खाजगी विक्रेत्यांकडून, त्यांच्या १८ वर्षांच्या मैत्रिणीने घेऊन दिल्या होत्या. त्या मुलीवर बंदी कसलीच नव्हती, चेक झाला असता तर ती बहुधा पास झाली असती, आणि चेकला विरोध करणारे आजही हेच दाखवतात. पण तिनेच नंतर सांगितलं की कागदपत्रं करावी लागली असती तर मी मदत केली नसती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, चेक फक्त गुन्हेगाराला अडवतो असं नाही, दुसऱ्यासाठी बंदूक घेणाऱ्यालाही सही करताना थांबवू शकतो.

मे १९९९ मध्ये सिनेटमध्ये गन शोवरच्या सगळ्या विक्रीला चेक लावायची दुरुस्ती ५१ विरुद्ध ५० ने पास झाली, उपाध्यक्ष अल गोर यांच्या मताने. प्रतिनिधीगृहात पुढच्याच महिन्यात ते सगळं अडकलं. मग २००० मध्ये कोलोरॅडो आणि ओरेगॉनच्या मतदारांनी थेट मतदान करून आपापल्या राज्यात तो नियम आणला, कोलोरॅडोत तर साधारण ७० टक्के मतांनी. २०१३ मध्ये, सँडी हुक शाळेतल्या गोळीबारानंतर, सिनेटमध्ये पुन्हा प्रयत्न झाला, ५४ मतं पडली, ६० लागत होती.

विरोध करणाऱ्यांचंही ऐकायला हवं. २०१६ च्या सरकारी पाहणीत, ज्या कैद्यांकडे गुन्हा करताना बंदूक होती त्यातल्या जेमतेम ०.८ टक्के लोकांनी ती गन शोमधून घेतल्याचं सांगितलं, सगळ्यात जास्त माल चोरबाजारातला. शिवाय प्रत्येक विक्री नोंदवली की उद्या मालकांची यादी तयार होईल ही भीती, जी १९८६ च्या कायद्यातही दिसते, केंद्रीय नोंदवहीवर बंदी त्यातच आहे. पण एटीएफच्या २००० च्या अहवालात बेकायदा व्यापाराच्या तपासांत गन शोशी जोडलेल्या सुमारे २६ हजार बंदुका निघाल्या होत्या. एक आकडा कैद्याच्या हातात बंदूक शेवटी कुठून आली ते सांगतो, दुसरा ती चोरबाजारात पोचते कशी त्याबद्दल, म्हणून ०.८ टक्क्यांवर विषय संपतो असं मला वाटत नाही.

२०२२ च्या कायद्याने धंद्याची व्याख्या रुंद केली, मुख्य हेतू नफा असेल तर लायसन्स घ्या. त्यावर एटीएफने २०२४ मध्ये सविस्तर नियम काढला, टेक्ससमधल्या केंद्रीय कोर्टाने काही राज्यांपुरता तो अडवला, आणि २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने फेरविचाराचा आदेश दिला.

स्थानिक पातळीवर मात्र खरं भांडण जागेचं झालं. कॅलिफोर्नियात १९९१ पासूनच खाजगी विक्री डीलरमार्फत करावी लागते, तरी अलामेडा काउंटीने १९९९ मध्ये स्वतःच्या जागेवर बंदूक आणायलाच बंदी घातली. आदल्या वर्षी प्लेझंटनच्या मैदानावर, जिथे आज आजूबाजूला आपली बरीच मराठी मंडळी राहतात, काउंटीच्या जत्रेत गोळीबार झाला होता. शो भरवणारे नॉर्डाइक पतीपत्नी कोर्टात गेले आणि केस २०१२ पर्यंत चालली, शेवटी काउंटीने बंदुका टेबलाला केबलने बांधून दाखवायला हरकत नाही असं मान्य केलं तेव्हा संपली. पुढे राज्याने आधी सॅन दिएगोजवळच्या डेल मारच्या मैदानावर आणि मग राज्याच्या मालकीच्या सगळ्याच जागांवर बंदुकांची विक्री बंद केली, २०२४ मध्ये अपील कोर्टाने ते कायम ठेवलं.

फ्लोरिडात उलटं. १९९८ मध्ये मतदारांनी राज्यघटना बदलून काउंट्यांना अधिकार दिला की लोकांना येण्याजाण्याचा हक्क असलेल्या जागी बंदूक विकली तर चेक आणि ३ ते ५ दिवसांची वाट सक्तीची करता येईल. मायामी-डेडसारख्या मोठ्या काउंट्यांनी तसे नियम केले, पण २०१८ च्या पार्कलँड गोळीबारानंतर पत्रकारांनी विचारपूस केली तेव्हा कळलं की बऱ्याच ठिकाणी अंमलबजावणी होतच नव्हती. नियम पाळला जातोय का ते बघायला गन शोमध्ये माणूस कुणी पाठवायचा, शेरीफने, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाने, की काउंटीच्या ऑफिसने, हेच कित्येक ठिकाणी ठरलेलं नव्हतं.