काजव्याचा उजेड समजून घ्यायला त्याचा रेणू का फोडतात?

मृगाचा पाऊस पडून गेला की भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळीवर, धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगत काजवे दिसू लागतात. काजव्याची अळी ओल्या मातीत गोगलगायींसारखे मऊ जीव खाऊन वाढते, त्यामुळे जिथे ओल टिकते तिथेच त्यांची दाटी असते. या उजेडाबद्दल शाळेत एवढंच सांगितलं जातं, की ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ऑक्सिजनशी मिळतं आणि थंड प्रकाश पडतो. ते खोटं नाही, पण फारच तोकडं आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत काही प्रयोगशाळा या उजेडामागचे रेणू निर्वात पोकळीत सोडून त्यांच्यावर लेसर टाकतात आणि ते कसे फुटतात ते पाहतात. जो रेणू उजेड देतो त्याला उजेडानेच फोडायचं, हे ऐकायला विचित्र वाटतं. इतक्या दूरवर कसे पोहोचलो, ते पाहायचं तर बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात काजव्यापासून झालीच नाही. रॉबर्ट बॉइल यांनी 1667 मध्ये रात्री चमकणारं कुजकं लाकूड काचपात्रात ठेवलं आणि पंपाने हवा काढून घेतली. चमक मावळली. हवा परत सोडली तशी ती परतली. अशा जिवंत उजेडाला हवा लागते हे तेव्हा कळलं. त्या हवेतला ऑक्सिजन ओळखायला अजून शंभरावर वर्षं जायची होती.

पुढचं मोठं पाऊल फ्रान्सच्या राफाएल द्युब्वा यांचं. 1885 मध्ये त्यांनी उजेड देणारे अमेरिकी भुंगे घेतले, 1887 मध्ये समुद्रातला एक शिंपला. प्रयोग आजही आठवी-नववीच्या मुलांना समजेल इतका सरळ आहे. उजेड देणारा भाग थंड पाण्यात कुटून ठेवला, की तो थोडा वेळ चमकतो आणि विझतो. तोच भाग गरम पाण्यात घातला तर लगेच विझतो. दोन्ही विझलेले अर्क गार करून एकत्र केले, की पुन्हा उजेड. म्हणजे उष्णता सोसणारं एक द्रव्य, जे थंड अर्कात खर्च होऊन गेलेलं असतं, आणि उष्णतेने मोडणारं दुसरं, जे थंड अर्कात शाबूत राहतं. पहिल्याला त्यांनी ल्युसिफेरिन नाव दिलं, दुसऱ्याला ल्युसिफेरेज. ल्युसिफेरेज हे विकर आहे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. पुढे प्रिन्स्टनच्या ई. न्यूटन हार्वी यांनी दाखवलं, की एका प्राण्याचं ल्युसिफेरिन दुसऱ्याच्या ल्युसिफेरेजला सहसा चालत नाही. त्यामुळे काजव्याच्या रेणूचा शोध काजव्यातच घ्यावा लागणार हे नक्की झालं.

तो घेतला अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या विल्यम मॅकेलरॉय यांनी. शहरातल्या मुलांना त्यांनी शंभर काजव्यांमागे 25 सेंट देऊ केले आणि मुलांनी डबेच्या डबे भरून आणले. 1947 मध्ये त्यांनी दाखवलं, की काजव्याचा विझलेला अर्क एटीपी घातल्यावर पुन्हा उजळतो. एटीपी म्हणजे प्रत्येक जिवंत पेशीत ऊर्जा पोहोचवणारा रेणू. आज दुग्धशाळांमध्ये आणि अन्नप्रक्रिया कारखान्यांमध्ये भांडी धुतल्यावर त्यांची स्वच्छता तपासतात ती याच शोधावर: पुसून घेतलेल्या बोळ्यावर ल्युसिफेरिन-ल्युसिफेरेज टाकायचं, उजेड जास्त पडला तर जंतू किंवा अन्नाचा अंश मागे राहिला आहे असं समजायचं.

1957 मध्ये बिटलर आणि मॅकेलरॉय यांनी सुमारे 15,000 काजव्यांतून शुद्ध ल्युसिफेरिनचे स्फटिक मिळवले. वजन भरलं 9 मिलिग्रॅम, चिमूटभरसुद्धा नाही. हा आकडा वाचला की मला दरवेळी हळहळ वाटते, पण त्या स्फटिकांमुळेच पुढची कत्तल अनावश्यक ठरली हेही तितकंच खरं. एमिल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला रेणूची रचना उलगडली आणि तो प्रयोगशाळेत बनवला. 1985 मध्ये ल्युसिफेरेजचं जनुक वेगळं करून जिवाणूत घालण्यात आलं. तेव्हापासून या संशोधनासाठी काजवे गोळा करायची गरज उरलेली नाही.

आता मुख्य गोष्ट. ल्युसिफेरिनच्या रेणूचं वजन 280 एकक (हायड्रोजनच्या अणूचं साधारण एक एकक धरून). एटीपीशी जोडला गेल्यावर तो ऑक्सिजन घेतो, त्याच्या अंगावर ताणलेलं एक चौकोनी कडं तयार होतं, ते तुटतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मागे उरतो 250 एकक वजनाचा ऑक्सिल्युसिफेरिन, तोही ऊर्जेने भारलेला. ती ऊर्जा प्रकाश म्हणून सोडणारा रेणू हाच. म्हणजे काजव्याच्या पोटात उजेड पडतो तोसुद्धा एक बंध तुटतो तेव्हाच.

पण उजेडाचा रंग ठरतो कसा? आपल्याकडच्या काजव्यांचा पिवळट हिरवा दिसतो, 560 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा. दक्षिण अमेरिकेत एक कीटक आहे, त्याच्या अंगावरचे ठिपके हिरवट आणि डोकं लालबुंद. ल्युसिफेरिन मात्र या सगळ्या कीटकांचं एकच. 1960 च्या दशकात दिसलं, की द्रावण आंबट केलं तर काजव्याचाच उजेड लालसर होतो. मग व्हाइट यांच्या गटाने मांडलं, की ऑक्सिल्युसिफेरिनची दोन रूपं आहेत, एक लाल देतं आणि एक हिरवं. 2006 मध्ये जपानी संशोधकांनी तिथल्या काजव्याच्या ल्युसिफेरेजची त्रिमितीय रचना पाहिली. त्यातलं एकच अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एकच दुवा, बदललं, तर उजेड पिवळट हिरव्याचा लाल होत होता. याचा अर्थ विकरात रेणू बसतो ती पोकळी त्याला किती घट्ट धरते, यावरही रंग अवलंबून आहे.

इथे गुंता झाला. आंबटपणा, पाणी, रेणूचं रूप, पोकळीची घडण, सगळंच रंग बदलतं. मग यातलं रेणूचं स्वतःचं किती आणि शेजाऱ्यांचं किती? उत्तर मिळवायचा एकच खात्रीचा मार्ग होता: आधी रेणूला पूर्ण एकटं करायचं, विकर नाही, पाणी नाही, काही नाही.

ते शक्य झालं जॉन फेन यांच्या तंत्रामुळे, ज्यासाठी त्यांना 2002 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. द्रावण बारीक सुईतून मोठ्या विद्युतदाबाखाली फवारायचं. थेंब सुकत जातात आणि नाजूक रेणू न मोडता विद्युतभार घेऊन हवेत सुटतात. हे विद्युतभारित रेणू, म्हणजे आयन, निर्वात नळीत घेऊन चुंबकाने वजनानुसार वेगळे करता येतात. खळ्यावर उफणताना दाणा जवळ पडतो आणि भूस लांब जातं, तशी ही निवड. ऑक्सिल्युसिफेरिनचा एक प्रोटॉन काढला की 249 एककांचा ऋण आयन उरतो. तेवढाच निवडायचा.

पण निवडलेले आयन इतके विरळ असतात, की त्यांच्यातून प्रकाश आरपार सोडून किती शोषला गेला हे मोजताच येत नाही. काचेच्या नळीतल्या द्रावणाला जे जमतं ते इथे जमत नाही. म्हणून उलटा मार्ग घेतला. लेसरचा रंग एकेक पायरीने बदलत न्यायचा आणि प्रत्येक रंगाला किती आयन फुटले ते मोजायचं. रेणू फुटला म्हणजे त्याने तो प्रकाश गिळला. कोणत्या रंगाला सर्वाधिक तुकडे मिळाले, ते पाहिलं की रेणूला कोणता रंग सर्वाधिक मानवतो ते कळतं. रेणू फोडायचा तो यासाठी. तुकड्यांची संख्या हेच इथलं मोजमाप.

एक अडचण होती. 550 नॅनोमीटरच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एका कणात, सुमारे सव्वादोन इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं अगदी छोटं माप) ऊर्जा असते आणि रेणूतले बंध साधारण तीन-चार इलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात. एक फोटॉन गिळून रेणू नुसता थरथरतो. फुटायला बहुधा एकाहून अधिक फोटॉन लागतात, म्हणून लेसरचे जोरदार ठोके द्यावे लागतात.

डेन्मार्कच्या ऑर्हूस विद्यापीठातल्या स्टीन ब्रोन्स्टेड नील्सन यांच्या गटाने 2011 मध्ये ल्युसिफेरिनच्या आणि 2013 मध्ये ऑक्सिल्युसिफेरिनच्या एकट्या आयनाचा असा शोषणपट, म्हणजे कोणता रंग किती शोषला जातो याचा आलेख, प्रसिद्ध केला. ऑक्सिल्युसिफेरिनचा कमाल बिंदू आला 548 नॅनोमीटरला, दहा इकडे-तिकडे. मग त्यांनी त्याच आयनाला पाण्याचा फक्त एक रेणू चिकटवून मोजलं. शोषण तब्बल 50 नॅनोमीटरने निळ्याकडे सरकलं. एक रेणू पाणी! सोबतच्या गणितांनुसार तो पाण्याचा रेणू आयनाच्या एका ठराविक ऑक्सिजनला धरून बसतो. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर निकाल वाटतो. रंगाचा वाद चाळीस वर्षं चालला होता, आणि शेजारी पाण्याचा एक रेणू आला तरी किती फरक पडतो हे इथे प्रथमच आकड्यात दिसलं. हे शोषणाचं मोजमाप आहे, उजेड टाकण्याचं नव्हे, हे विसरायचं नाही. पण कोणत्याही शेजाऱ्याचा परिणाम मोजायला आता एक पक्का आरंभबिंदू मिळाला.

फुटण्याला आणखी एक अर्थ आहे. ऊर्जेने भारलेला रेणू ती ऊर्जा प्रकाश म्हणून टाकतो, उष्णता म्हणून घालवतो, नाहीतर मोडतो. काजव्यात शंभरातले जवळजवळ सगळे रेणू उजेड देतात असं अनेक पुस्तकांत अजून छापून येतं. त्याचं मूळ 1960 चं 88 टक्क्यांचं मोजमाप. जपानमध्ये 2008 साली नव्या उपकरणांनी ते पुन्हा केलं तेव्हा आकडा 41 टक्क्यांवर आला. पाठ्यपुस्तकं दुरुस्त व्हायला हवीत. ल्युसिफेरिनची बाटली अंधारात आणि थंडीत ठेवतात तेही रेणू असे मोडू नयेत म्हणून, उजेडात ते हळूहळू खराब होतं.

यावरून गावातला पथदिवा काजव्याचे रेणू फोडतो असं मात्र कुणी समजू नये. दिव्याचा त्रास वेगळा आहे. नर उडता उडता चमकतो, मादी गवतातून चमकून उत्तर देते, आणि तलावाच्या पाळीवर पांढरा झगझगीत दिवा असला तर ते उत्तर नराला दिसत नाही.

जिवंत काजव्याच्या उजेडाचा वर्णपट मोजायला एवढी मोठी यंत्रं लागत नाहीत. गुवाहाटी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात आसामच्या काजव्यांवर असं काम झालं आहे. छोटा वर्णपटमापक, अंधारी खोली आणि तापमापी, इतकं पुरतं. तापमापी हवीच, कारण गारव्यात काजव्याची चमक मंदावते आणि उबेत तिला वेग येतो. मोजून झालं की काजवा त्याच धुऱ्यावर सोडता येतो. गोंदिया-भंडाऱ्याच्या एखाद्या महाविद्यालयाने येत्या पावसाळ्यात हे हाती घ्यावं असं मला फार वाटतं.