गोधडी आणि दुलई: टाका कशासाठी घालायचा?

रंगीत तुकड्यांचं, मऊ, फुगीर पांघरूण दिसलं की आता सगळे त्याला गोधडीच म्हणतात. दुकानदारसुद्धा. त्यातली बरीचशी दुलई असते. वरच्या कापडावरून हे कळत नाही. पोटात काय आहे ते बघावं लागतं.

दुलईच्या पोटात कापूस. खोळ शिवायची, पिंजाऱ्याने पिंजून दिलेला कापूस आत भरायचा, काठीने हलकं झोडपत सारखा करायचा आणि मग टाके घालायचे. टाके लांब, रांगा विरळ, कारण त्यांचं काम एवढंच की कापूस एका कोपऱ्यात गोळा होऊ नये. ऊब देते ती कापसात अडकलेली हवा. टाके दाट घातले तर कापूस दबतो आणि ऊब कमी होते. वापरून गोळे झाले की दुलई उसवायची, कापूस पुन्हा पिंजून घ्यायचा. जयपुरी रजई याच जातीची, फक्त कापूस कमी आणि पिंजण फार तलम.

गोधडीत भरण नसतंच. कापडावर कापड. विरलेलं नऊवारी लुगडं (सुमारे सव्वाआठ मीटर!) दुमडून अंथरायचं, मध्ये धोतराचे, परकराचे धड भाग, वर ठिगळं. जमिनीवर ताणून आधी कच्चे टाके, मग धावदोरा. यातला एकही थर एकटा ओढ सहन करू शकत नाही, इतका तो जीर्ण असतो. दोरा ती ओढ सगळ्या थरांत वाटून देतो, म्हणून इथे टाका जितका दाट तितकी गोधडी टिकाऊ. कित्येक घरांत कडेपासून चौकोनी फेऱ्या घेत मध्यापर्यंत जातात. दोरा ओढला गेल्यामुळे कापडावर ज्या बारीक लाटा उठतात, त्या मला कुठल्याही भरतकामापेक्षा सुंदर वाटतात.

पश्चिम महाराष्ट्रात हिलाच वाकळ म्हणतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका शिवतात ती कवंदी याच कुळातली. तीही कडेकडेने आत शिवत नेतात आणि चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांची ‘फुलं’ लावतात.

गोधडी नदीवर आपटून धुता येते. फाटली तरी ती उसवत नाहीत, वर नवं लुगडं घालून पुन्हा शिवतात. त्यामुळे जुन्या, जड गोधडीच्या आत कधी कधी आणखी एक गोधडी सापडते.

विकत घेताना पांघरूण चिमटीत धरून चोळा. कापडाचे थर हाताला लागले तर गोधडी. बोटं मऊ भरणात रुतली तर दुलई, मग ते भरण कापसाचं असो की पॉलिस्टरचं.