सायकल ट्रॅक चौकात येऊन का संपतो? : पुण्यातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

पुण्यात सायकल ट्रॅकचा विषय निघाला की बोलणं किलोमीटरवर जातं. किती बांधले, किती उखडले, किती ठिकाणी दुचाक्या लागल्यात. ट्रॅक चौकात पोहोचल्यावर सायकलस्वाराचं काय होतं, हा प्रश्न मात्र मागे राहतो. त्याच्या जिवाला मोठा धोका तिथेच असतो. हा प्रश्न आज पडलेला नाही, तो वर्षानुवर्षं तसाच ठेवला गेला आहे.

पुणे सायकलींचं शहर होतं, त्या काळाच्या आठवणी घरोघरी आहेत, त्या इथे पुन्हा सांगत नाही. त्या काळातली एक गोष्ट तेवढी लक्षात ठेवण्यासारखी आहे. सायकल कराचा बिल्ला नसला तर दंड, रात्री बत्ती नसली तर दंड, डबलसीट दिसले तर दंड. रस्त्यावरच्या शिस्तीचा भार सायकलस्वारावर होता. मोटारी कमी होत्या आणि रस्ता सायकलींनी भरलेला असायचा, म्हणून ते निभावून गेलं. सगळेच सायकलवर असले की मोटारवाल्याला आपोआप सांभाळून जावं लागतं. १९७२मध्ये आलेली लुना मोपेड, मग स्कूटर आणि १९९१नंतर हप्त्यांवर सहज मिळणारी मोटारसायकल यांनी हे संरक्षण काढून घेतलं. २०१८मध्ये शहरातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांच्या पुढे गेला, म्हणजे माणसांपेक्षा वाहनं जास्त झाली.

सायकलींसाठी वेगळी वाट हवी, हे मात्र कागदावर फार आधी आलं होतं. रस्तेबांधणीचे मानदंड ठरवणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेने १९६२मध्येच सायकल ट्रॅकची शिफारस प्रसिद्ध केली. तिचा हिशेब असा : रस्त्यावरून तासाला १०० ते २०० मोटारवाहनं जात असतील आणि गर्दीच्या वेळी ४०० सायकली असतील, तर वेगळा ट्रॅक करावा. वाहनं २०० च्या वर गेली, तर १०० सायकलीही पुरेत. ट्रॅकचा पृष्ठभाग मुख्य रस्त्याइतकाच चांगला हवा, नाहीतर सायकलवाले तिकडे वळणार नाहीत, हेही त्या मजकुरात आहे. पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रस्त्याने २०० वाहनांची मर्यादा कधीच ओलांडली. तरी ट्रॅकचं जाळं झालं नाही. मानदंड शिफारशीपुरता होता, बंधनकारक नव्हता. शिवाय त्यात एक अडचण दडलेली होती. ट्रॅक मिळायला आधी सायकली दिसायला हव्यात. रस्ता धोक्याचा झाला म्हणून लोक सायकल सोडतात, मोजणीत सायकली कमी भरतात, आणि कमी भरल्या म्हणून ट्रॅकची गरज नाही असं ठरतं.

मग २००६ आलं. आदल्या डिसेंबरात शहरांच्या नूतनीकरणाची केंद्राची योजना सुरू झाली होती आणि त्या वर्षी राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणही आलं. रस्त्यावर वाहनांना नव्हे, माणसांना प्राधान्य द्यावं, असं त्या धोरणात स्पष्ट होतं. डिसेंबर २००६मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतली बससेवा, धावू लागली. केंद्राचा पैसा हवा तर नकाशात पादचारी आणि सायकलस्वार दोघेही हवेत, म्हणून बसच्या मार्गिकेबरोबर सायकल ट्रॅकही आखले गेले.

तेव्हा घेतलेला एक निर्णय आजवर पिच्छा सोडत नाही. ट्रॅक मुख्य रस्त्याच्या पातळीवर न ठेवता त्याला उचलून पदपथाच्या शेजारी, कडेला नेलं गेलं. बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं : सायकल मोटारींपासून लांब गेली की मागून धडक बसायची भीती संपली. लहान मुलं आणि नव्याने सायकल शिकणारे यांच्यासाठी ते खरंही आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण पदपथाच्या जागेत जे जे घुसतं, ते सगळं ट्रॅकच्याही वाट्याला आलं. सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराला दर सोसायटीच्या फाटकापाशी उतार आणि चढ, मध्ये सैल झालेले पेव्हर ब्लॉक, मग विजेचा डीपी, झाडाचं आळं, बसथांब्याची शेड, भाजीची गाडी. दुचाक्या चढू नयेत म्हणून रोवलेले खांब असे जवळजवळ, की हँडल जेमतेम निघावं. पाच मिनिटांच्या वाटेत दहा वेळा ब्रेक लावावा लागला, की रोज कामावर जाणारा दूधवाला, पेपरवाला, बांधकामावरचा मजूर खाली रस्त्यावर उतरतो. तिथे त्याला ऐकवलं जातं, ‘ट्रॅक आहे ना, मग इथे कशाला आलास?’

फाटकं आणि खांब ही गैरसोय झाली. जिवाचा धोका चौकात आहे. कडेने आलेला ट्रॅक चौकाच्या तोंडाशी संपतो आणि सायकलस्वार डावीकडे वळणाऱ्या वाहनांच्या बरोबर पुढ्यात येतो. बस किंवा डंपर डावीकडे वळतो तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, कोपऱ्याला धरून आतल्या बाजूने कापत जातात. चालकाच्या डाव्या अंगाला खाली काय आहे ते आरशात दिसत नाही. ट्रॅकवरून आलेला माणूस मागचे शंभर मीटर पार्किंगच्या आणि झाडांच्या आड असल्याने चालकाने त्याला आधी पाहिलेलंही नसतं. ज्याला वाचवण्यासाठी बाजूला नेलं, तो नजरेआड झाला आणि ऐन चौकात अचानक समोर आला. उपाय तेव्हाही माहीत होते : सायकलींसाठी सिग्नलच्या पुढे थांबण्याची जागा, चौकातून ओढून नेलेला रंगीत पट्टा, वळणाचा कोपरा आवळून वाहनाचा वेग कमी करणं. या सगळ्यात मोटारीला थांबावं लागतं. माझ्या मते ते टाळण्यासाठीच ट्रॅक चौकाआधी संपवले गेले.

त्यानंतरचा काळ वेगाने गेला. डिसेंबर २०१७मध्ये महापालिकेने ८०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या सायकल जाळ्याचा आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या, काही महिने रस्त्यावर दिसल्या आणि मोडतोड होऊन दिसेनाशा झाल्या. त्या सायकलींचं अपयश पुढे आराखड्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं गेलं, हे अन्यायाचं होतं. आराखड्यात चौकांची रचना होती, भाड्याच्या सायकलींचा तिच्याशी संबंध नव्हता. एप्रिल २०१८मध्ये केंद्राने महापालिका हद्दीतली कमाल वेगमर्यादा मोटारींसाठी ताशी ७० आणि मोटारसायकलींसाठी ताशी ६० किलोमीटर केली. सायकल आणि मोटार एकत्र चालतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असं आवाहन स्टॉकहोममधल्या जागतिक परिषदेने फेब्रुवारी २०२०मध्ये केलं. केंद्राने ठरवलेली मोटारींची मर्यादा त्याच्या दुपटीहून जास्त होती.

२०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात सायकलस्वार सुमारे ३ टक्के. हा आकडा लहान म्हणून सोडून दिला जातो. पण किती लोक सायकल चालवतात याची मोजणीच नसताना तो लहान कसा ठरवायचा?

मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये दोन कलमं आली. रस्त्याच्या रचनेत सुरक्षेचे मानदंड पाळले नाहीत आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड, हे एक. विनाइंजिन वाहनं आणि पादचारी यांनी रस्त्यावर कुठे, कसं वावरावं याचे नियम करायचा राज्यांना अधिकार, हे दुसरं. या दुसऱ्या कलमाखालचे नियम सहा महिन्यांत करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये राज्यांना दिला. नियमांचा रोख कुणीकडे असेल, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. कोलकात्यात पोलिसांनी २०१३मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलला मनाई केली होती, तीही वाहतूक सुरळीत राहावी म्हणून. ‘ट्रॅक असेल तिथे सायकल ट्रॅकवरूनच’ एवढं एक वाक्य आपल्या नियमांत आलं, तर आजचे मोडके ट्रॅक सक्तीचे होतील आणि चौकात चिरडलेल्या माणसाचीच चूक धरली जाईल. म्हणून मसुद्यावर हरकती मागवल्या गेल्या, तर सायकलवाल्यांनी पहिली हरकत त्या वाक्यावर घ्यावी आणि दुसरी मागणी चौकांच्या रचनेची करावी.