पार्श्वभूमी: दोन जीपीयूंच्या लॅपटॉपवर लिनक्स बूट होताना का अडतं

लॅपटॉपमध्ये दोन जीपीयू, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिप: एक कमी वीज खाणारी इंटेलची, दुसरी ताकदवान एनव्हिडियाची. ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू येतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडतो आणि स्क्रीन काळी. कोपऱ्यात फार तर एक लुकलुकता कर्सर. पंखा मात्र फिरत असतो. यावर उपाय शोधला की पाच-सहा कर्नल पॅरामीटर (बूट होताना कर्नलला द्यायच्या सूचना) हाती लागतात आणि बरेच जण ते सगळे एकदम टाकून बघतात. पण त्यातला प्रत्येक पॅरामीटर वेगळ्या वर्षी, वेगळ्या दुखण्यावर निघालेला आहे. २०१६ सालचं औषध २०११च्या आजाराला लागू पडत नाही, उलटंही नाही.

सुरुवात साधी होती. सोनीच्या व्हायो एसझेडवर (२००६) चक्क एक खटका होता: एका बाजूला ‘स्टॅमिना’ (इंटेल), दुसऱ्या बाजूला ‘स्पीड’ (एनव्हिडिया). खटका सरकवायचा आणि मशीन रीस्टार्ट करायचं. निवड बूटच्या आधीच झालेली असल्यामुळे लिनक्सला डोकं चालवावं लागत नसे. पुढच्या लॅपटॉपमध्ये हे काम मक्स नावाची चिप करू लागली. स्क्रीनची वायर या जीपीयूला जोडायची की त्या, एवढंच तिचं काम.

दरम्यान कर्नलमध्ये एक मोठा बदल झाला. २००९च्या २.६.२९ आवृत्तीपासून इंटेलच्या ग्राफिक्ससाठी स्क्रीनचं रिझोल्यूशन ठरवण्याचं काम एक्स सर्व्हरकडून (स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रामकडून) कर्नलकडे आलं. याला केएमएस (कर्नल मोड सेटिंग) म्हणतात. म्हणजे पूर्वी ग्राफिक्स ड्रायव्हर गडबडला तर लॉगिनपाशी अडायचं, आता बूटच्या पहिल्या काही सेकंदांतच अडू लागलं. ‘नोमोडसेट’ हा पॅरामीटर त्यातून सुटण्यासाठी. तो केएमएस बंद करतो, पण दोन्ही जीपीयूंचं. त्यामुळे इंटेलचा ड्रायव्हरही धड चालत नाही: ब्राइटनेस बदलत नाही, बाहेरचा मॉनिटर लागत नाही, सगळं प्रोसेसरवर रेंगाळतं. इन्स्टॉल करण्यापुरता तो ठीक. कायमचा ठेवणं म्हणजे पाय दुखतो म्हणून दोन्ही पायांना प्लास्टर.

खरी मेख २०१०च्या फेब्रुवारीत बसली. त्याच महिन्यात कर्नल २.६.३३मध्ये नूवो हा एनव्हिडियासाठीचा मुक्त ड्रायव्हर आला आणि त्याच महिन्यात एनव्हिडियाने ऑप्टिमस हे दोन जीपीयू एकत्र चालवण्याचं तंत्र जाहीर केलं. ऑप्टिमसमध्ये मक्स नाही. स्क्रीन इंटेललाच जोडलेली. एनव्हिडियाचा जीपीयू चित्र तयार करून मेमरीत ठेवतो आणि इंटेल ते स्क्रीनवर दाखवतो. एलएसपीसीआय या हार्डवेअरची यादी दाखवणाऱ्या आदेशाच्या आउटपुटमध्ये हे आजही दिसतं: इंटेलपुढे ‘व्हीजीए कंपॅटिबल कंट्रोलर’ आणि अशा एनव्हिडियापुढे बहुधा नुसतं ‘थ्रीडी कंट्रोलर’. मे महिन्यात कर्नल २.६.३४मध्ये कर्नलचं ग्राफिक्स सांभाळणारे डेव्ह एअरली यांचं व्हीजीए-स्विचरू (एका जीपीयूवरून दुसऱ्यावर जाण्याची सोय) आलं, पण त्याचा मूळ रोख मक्सवाल्या लॅपटॉपांवर. औषध आलं तोवर आजाराने रूप बदललं होतं.

एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर टाकला की एक्स सर्व्हर त्या जीपीयूला जोडलेली स्क्रीन शोधायचा. ती नसायचीच. ‘नो स्क्रीन्स फाउंड’ असा निरोप लॉगमध्ये लिहून तो मरायचा. वर त्या ड्रायव्हरचा इन्स्टॉलर ओपनजीएलची (थ्रीडी चित्रांची) लायब्ररीही बदलायचा, म्हणून इंटेलचं थ्रीडीसुद्धा जायचं.

२०११मध्ये बम्बलबी आलं. मागे एक अदृश्य एक्स सर्व्हर चालवायचा, त्यात चित्र काढायचं आणि ते पुढच्या सर्व्हरवर आणायचं, असा तो जुगाड. जोडीला बीबीस्विच नावाचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा), एनव्हिडियाची वीज तोडणारं. (याच बम्बलबीच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एका आदेशात एक स्पेस जास्त पडली आणि लोकांची प्रोग्राम ठेवणारी अख्खी यूएसआर डिरेक्टरी उडाली.) शेवटची आवृत्ती ३.२.१, २०१३ची. आजच्या मशीनवर बीबीस्विच टाकायला सांगणारा सल्ला दिसला तर तो तिथेच सोडून द्यावा.

२०१२मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी एनव्हिडियाला कॅमेऱ्यासमोर शिवी हासडली, ती ऑप्टिमसबद्दलच्या प्रश्नावरच. त्याच वर्षी एक्स सर्व्हर १.१३मध्ये दोन जीपीयूंनी चित्र वाटून घेण्याची अधिकृत सोय आली आणि २०१३मध्ये एनव्हिडियाच्या ३१९ ड्रायव्हरने ती वापरली. तेव्हा हाताने लिहिलेली एक्सऑर्गची (एक्स सर्व्हरची) कॉन्फिग फाइल आजही अनेक मशीनवर पडून असते. तिच्यातला बसआयडी (जीपीयूचा पत्ता) दशमान पद्धतीत लागतो आणि एलएसपीसीआय दाखवतं सोळामान पद्धतीत. तिथे ०ए दिसलं तर फाइलमध्ये १० हवं. आता बहुतेकदा ही फाइल लागतच नाही. काळ्या स्क्रीनवर आधी तिचं नाव बदलून बघावं.

सगळ्यात छळणारा प्रकार विजेचा. कर्नल ३.१२पासून (२०१३) नूवो रिकामा बसलेला जीपीयू पाच सेकंदांनी झोपवतो. विंडोज १०च्या काळातल्या फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये) वीज तोडायची पद्धत बदलली आणि कर्नल ४.८ने (२०१६) ती नवी पद्धत उचलली. काही लॅपटॉपांच्या फर्मवेअरमधला कोड मात्र जीपीयू जागा व्हायची वाट बघत फेऱ्यातच अडकून राहायचा. लक्षण नेमकं आहे: बूट होतं, लॉगिनही दिसतं आणि मग एलएसपीसीआय चालवलं किंवा शटडाउन केलं की मशीन गोठतं. इथे नोमोडसेटच्या वाटेला न जाता ‘नूवो.रनपीएम=०’ देऊन बघावं. दुसरा उपाय ‘एसीपीआय_ओएसआय="!विंडोज २०१५"’, म्हणजे फर्मवेअरला आपण विंडोज १० नाही असं भासवणं. पण फर्मवेअर मग इतर गोष्टींतही जुन्या वाटेने जातं आणि टचपॅड बंद पडू शकतो. २०२०मध्ये नूवोत यावर तोडगा आला, म्हणून आधी कर्नल अपडेट करावा.

पॅरामीटर तपासायचा तो एका बूटपुरता. ग्रबमध्ये ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जा, ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ पुसा, पॅरामीटर लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. ओळींचा पाऊस कुठल्या मॉड्यूलपाशी थांबतो ते बघा. एका वेळी एकच पॅरामीटर.

२०१९च्या ४३५ ड्रायव्हरपासून एनव्हिडियाची स्वतःची रेंडर ऑफलोड सोय (निवडक प्रोग्रामचं चित्र एनव्हिडियाकडून काढून घेण्याची) आहे आणि जुगाडांची गरज संपली. आताच्या काळ्या स्क्रीनची कारणं बहुधा साधी असतात. कर्नल अपडेट झाला पण हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल) नसल्यामुळे एनव्हिडियाचं मॉड्यूल बांधलंच गेलं नाही: ग्रबमधून जुना कर्नल निवडा, हेडर टाका. किंवा सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू आहे आणि मॉड्यूलवर सही नाही: लॉगमध्ये ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ दिसतं. मॉकयूटिल या आदेशाने सहीची किल्ली नोंदवायची, तेव्हा एक पासवर्ड ठरवायचा आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तोच पासवर्ड द्यायचा. त्या पडद्यावर दुर्लक्ष केलं की नोंदणी होत नाही, मग सगळं पहिल्यापासून.

आणि मक्स परत आलाय, गेमिंग लॅपटॉपांमध्ये. फर्मवेअरमध्ये किंवा विंडोजमधून ‘फक्त डिस्क्रीट’ (म्हणजे एनव्हिडिया) निवडलं गेलं असेल आणि लिनक्समध्ये एनव्हिडियाचे ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट (बंदीच्या यादीत) असतील, तर स्क्रीन ज्या जीपीयूला जोडली आहे त्याला ड्रायव्हरच उरत नाही. फर्मवेअरमध्ये पुन्हा हायब्रिड (दोन्ही जीपीयू) करा. किंवा मॉडप्रोबच्या (मॉड्यूल चढवणाऱ्या आदेशाच्या) फोल्डरमधली ब्लॅकलिस्टची ओळ काढा आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारा फाइलींचा छोटा गठ्ठा) नव्याने तयार करा. जुन्या इनिटरॅमएफएसमध्ये तीच यादी बसलेली असू शकते, आणि मग फाइल पुसूनही काही बदलत नाही.